निरोगी बहीण

“ताई, तू फक्त निरोगी म्हणून यायचंस,” धाकटी फोनवर म्हणाली. “बाकी तुला काही करायचं नाही.”

ताईच्या डाव्या हातात त्या वेळी एका निवृत्त न्यायाधीशांचा खालचा जबडा होता आणि उजव्या हातात मेण कोरायची तापलेली सुरी. फोन कान आणि खांदा यांच्यात धरलेला. अशा अवस्थेत माणसाला सहसा राग येत नाही, कारण रागवायला एखादा हात तरी मोकळा लागतो. ताईला मात्र आला. सुरीचं टोक न्यायाधीशांच्या हिरडीत जरा जास्तच खोल गेलं.

“निरोगी म्हणून म्हणजे?”

“अगं, त्या संशोधनात बहिणींच्या जोड्या घेतात. सख्ख्या. एक आजारी, एक निरोगी. दोघींचं रक्त ताडून बघायचं, फरक कुठे आहे तो शोधायचा. आजारी मी आहेच. मॅडमनी विचारलं, निरोगी कोण? मी म्हटलं, आमची ताई! आयुष्यात कधी दिवसाची आडवी झाली नाही. घोड्यासारखी धडधाकट.”

“घोड्यासारखी.”

“कौतुकानं म्हटलं गं! गुरुवारी सकाळी ये. थोडं रक्त घेतील, थोडे प्रश्न विचारतील. तू काय, सगळ्याला ‘नाही’ म्हणायचंस.”

सगळ्याला नाही म्हणण्याचा ताईला दांडगा अनुभव होता. ती “बरं” म्हणाली, फोन ठेवला आणि न्यायाधीशांची हिरडी दुरुस्त करायला बसली.

ताई कवळ्या बनवायची. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि बोळातल्या त्या खोलीत ताई त्या मापात प्लास्टर ओतून आधी जबडा करी, मग त्या जबड्यावर मेणात दात बसवी. खोलीत एक मोरी, एक गॅसची शेगडी, एक घरघरणारी मोटार आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. गावातली निम्मी प्रतिष्ठित माणसं ताईनं केलेल्या दातांनी हसत असत. रस्त्यात तीच माणसं समोरून आली की ताई त्यांच्या तोंडाकडे बघे, आणि ती ताईकडे बघत नसत. त्याचं तिला काही वाटत नसे. दात चांगले बसलेत एवढं दिसलं की पुरे.

हेवा करणं हा ताईचा स्वभाव नव्हता. धाकटी उजळ होती, ताई नव्हती, चालेल. धाकटीच्या घराला लिफ्ट होती, ताईच्या घराला जिना होता आणि जिन्याला बल्ब नव्हता, चालेल. धाकटीचा नवरा स्वतःहून चहा करून देई. इथे ताईला जरा थांबावं लागे, पण तेही चालेल. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला शेवटी हेवा वाटला तो कशाचा, तर धाकटीच्या दुखण्याचा.

दुखण्याचाही नाही खरं तर. दुखण्याच्या नावाचा.

ते नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा ताईला ते एखाद्या परदेशी गायिकेचं वाटलं होतं. एंडोमेट्रिओसिस. धाकटीनं ते अडखळत तीनदा म्हणून दाखवलं आणि मग न अडखळता म्हणू लागली. चाळिशी उलटल्यावर तिची दुर्बिणीतून तपासणी झाली होती आणि ते सापडलं होतं.

“गर्भाशयाच्या आत अस्तर असतं ना,” धाकटी सोफ्यावर पाय वर घेऊन समजावून सांगायची, “तसल्याच जातीचं अस्तर बाहेर उगवतं. बीजकोशावर, आतड्यावर, कुठेही. महिना भरला की तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते आतल्या आत साकळतं आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटत जातं. आता बोल! असं का होतं ते डॉक्टर लोकांनाही अजून धड माहीत नाही. रक्ताच्या नात्यात जास्त सापडतं म्हणे. म्हणून तर संशोधन चाललंय.”

नाव आलं त्या दिवसापासून त्या घराचा कारभारच बदलला. आधी जे “हिचं आपलं नेहमीचं” होतं, त्याला आता अदबीनं बाजूला होऊन वाट दिली जाऊ लागली. नवरा गरम पाण्याची पिशवी भरून आणी, ती फडक्यात गुंडाळी, आणि कोपराने तपासून मगच देई. सासू, जी आधी “आम्हाला नव्हती का पाळी?” म्हणायची, ती आता पाहुण्यांना दारातच थोपवून हलक्या आवाजात सांगे, “तिला ते आहे ना.” ते! राजघराण्यातल्या माणसाचं नाव थेट घेऊ नये, तसं.

ताई हे सगळं बघे, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून चहा पिई आणि घरी येताना जिन्यात अंधारात थांबून म्हणे, “मला काय होत होतं मग?”

कारण ताईलाही होत होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून होत होतं. पहिल्यांदा ती मोरीत गुडघ्यांवर बसून ओरडली होती, तेव्हा आई आत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “दात आवळ. आवाज नको. बाहेर माणसं बसलीत.” ताईनं दात आवळले. ती मोठी होती, समजूतदार होती, आणि बाहेर माणसं नेहमीच बसलेली असतात. मग ती महिन्याच्या महिन्याला दात आवळत गेली: शाळेत, लग्नात, कामाच्या उंच स्टुलावर प्लास्टर घोटताना. मूल राहिलं नाही तेव्हा लोक काय काय बोलले, तेव्हाही आवळले. शेवटी रक्तस्राव थांबेना म्हणून एका खाजगी दवाखान्यात तिची गर्भाची पिशवी काढून टाकली. दुखणं गेलं. ते काय होतं, हे ते जाताना सांगून गेलं नाही.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, “अहो, मी निरोगी आहे?”

नवऱ्यानं ताटातून मान वर केली. तो निवृत्त बसड्रायव्हर होता. आयुष्यभर समोर बघून गाडी हाकल्यामुळे आपल्या मागे काय चाललंय यात डोकवायची त्याला सवय नव्हती. पण आता धोक्याचं वळण आलंय एवढं त्याला कळलं.

“आहेस की,” तो गाडी सावकाश घेत म्हणाला. “ठणठणीत आहेस.”

“आणि दर महिन्याचं ते काय होतं?”

“ते... ते पोटाचं होतं.”

“माझी पिशवी काढली, तेव्हा डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?”

“बरं झालं म्हणाले ऑपरेशन.” तो आठवू लागला. “वेळ लागला म्हणाले. आत सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं, सोडवता सोडवता घाम फुटला म्हणाले. चांगला माणूस होता. मला बसायला खुर्ची दिली.”

ताईचा घास हातातच राहिला.

“आत चिकटलेलं होतं, हे मला कधी सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस.”

“मी भुलीत होते!”

“नंतर तरी विचारायचंस,” नवरा प्रामाणिकपणे म्हणाला. “आणि काढूनच टाकलं होतं ना सगळं? गेलेल्या सामानाची काय चौकशी करायची?”

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ताई वाट वाकडी करून त्या दवाखान्यावरून गेली. तिथे आता व्यायामशाळा होती. काचेतून आत धडधाकट माणसं आरशासमोर स्वतःकडे कौतुकानं बघत घाम गाळताना दिसत होती. डॉक्टर कधीच वारले होते. काढलेली पिशवी पुढे कुठे गेली, कुणी भिंगाखाली धरून पाहिली की तशीच टाकून दिली, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. शिंप्याकडूनसुद्धा माणूस उरलेलं कापड मागून घेतो.

आता ताईला नीट कळलं की आपलं काय हरवलंय. गुरुवारी ती जाणार होती, आणि तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार होतं: निरोगी. धाकटीला दुखण्याचं नाव मिळालं, गरम पिशवी मिळाली, मॅडम मिळाल्या. आणि आपल्याला काय? तर त्या दुखण्याच्या शेजारी धडधाकट म्हणून उभं राहायचा मान! फोटोत नवरी उठून दिसावी म्हणून करवली साधी उभी करतात, तशातली गत. दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखणारी माणसं ताईनं पुष्कळ पाहिली होती. दुसरीचं पोट दुखतंय म्हणून जळणारी आपण पहिलीच, हेही तिला कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

खोलीत शिरली तर मालक फळीखाली उभे. मालक म्हणजे उस्तादांचा मुलगा. उस्तादांनी ताईला हे काम शिकवलं होतं. मुलाला शिकवायच्या आत ते गेले, म्हणून तो मालक झाला.

“ताई, ही फळी मोकळी करा बरं. यंत्र येतंय. संगणकावर चित्र काढलं की आपोआप दात कोरून देतं.”

“चावून पण देतं का?”

“चेष्टा नको. तुमच्या ह्या कवट्या आधी घरी न्या. माणसं घाबरतात.”

मोरीवरच्या फळीवर ताईचे स्वतःचे जबडे होते. उस्तादांचा एक कडक नियम होता: माप घ्यायचा नवा मसाला आला की तो आधी आपल्या तोंडात. गिऱ्हाइकाला ओकारी येण्याआधी आपल्याला यायला हवी. त्यामुळे कंपनी बदलली, रंग बदलला, पांढऱ्याचा गुलाबी आणि गुलाबीचा पिवळा झाला, की ताई तो कालवून ट्रेमध्ये भरायची, स्वतःच्या तोंडात बसवायची, घट्ट झाला की काढून त्यात प्लास्टर ओतायची. असे शिकाऊ होती तेव्हापासूनचे जबडे फळीवर एकामागे एक साठले होते. धूळ पुसायला सोडून तिनं त्यांना कधी हात लावला नव्हता.

आज तिनं ते खाली काढले आणि ओट्यावर ओळीनं मांडले. सगळ्यांत जुना पहिला.

ती बराच वेळ बघत राहिली.

पहिल्या जबड्याच्या दाढा म्हणजे लहान डोंगररांग होती. टोकदार, खोल दऱ्यांची, कोवळ्या वयाला शोभणारी. दुसऱ्यात टोकं बोथटली होती. पुढच्यात डोंगरांच्या टेकड्या झाल्या होत्या. त्याच्या पुढे टेकड्यांची मैदानं. एका दाढेचा कोपरा उडालेला. शेवटचे दोन पिशवी काढल्यानंतरचे होते. त्या दोघांत काही फरक नव्हता. मैदानाचं आणखी काय मैदान होणार, किंवा आवळायचं थांबलं म्हणून असेल.

“काय झालं ताई?” मालकांनी विचारलं. “दात हरवला का कुठला?”

“नाही,” ताई म्हणाली. “सापडले.”

तिनं ते सगळे कापसात गुंडाळले आणि कवळ्या पाठवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले.

गुरुवारी इस्पितळातल्या लांबलचक बोळाच्या टोकाला, चादरींच्या कोठारालगत, संशोधनाची खोली सापडली. संशोधनाला इमारतीत नेहमी शेवटची जागा मिळते. बाहेरच्या बाकावर धाकटी आधीच बसली होती, स्वतःची उशी पाठीशी लावून. येणारीजाणारी प्रत्येक नर्स तिला ओळखत होती.

“आलीस? बस. उशी हवी का? तुला कशाला म्हणा,” धाकटी म्हणाली. “खोक्यात काय आणलंस?”

“कामाचं आहे.”

“इथेही दात? धन्य आहे तुझी!”

दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. वयानं लहान होत्या, केस साध्या रबरानं बांधलेले, आणि कपाळावर जागरणाची आठी. त्या आधी धाकटीसमोर वाकल्या. “आज कसं आहे?” असं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत मान एका बाजूला कलती करून थांबल्या. धाकटीनं सविस्तर उत्तर दिलं. त्यांची मान कललेलीच.

ताई त्या मानेकडे बघत होती. आपल्यासाठी कुणी अशी मान कलती केल्याचं तिला आठवेना. धाकटीची लिफ्ट, धाकटीचा चहा, सगळं तिनं सोडून दिलं असतं. ती मान मात्र तिला हवी होती.

दोघी आत गेल्यावर मॅडमनी आधी सगळं समजावून सांगितलं, कशाला रक्त, कशाला प्रश्न, नको वाटलं तर कधीही उठून जाता येईल. मग त्यांनी ताईला विचारलं, “पाळीच्या वेळी तुम्हाला दुखायचं का?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, पिशवी काढणाऱ्यानंसुद्धा नाही.

“छे हो मॅडम,” धाकटी बाजूनं म्हणाली, “ताईला कधीच नाही.”

ताईचा जबडा सवयीनं आवळला गेला. नाही म्हणायचं, रक्त द्यायचं, उठायचं. धाकटीची जोडी पक्की होईल, ती खूश होईल. बाहेर माणसं बसलीच होती.

“दुखायचं,” ताई म्हणाली.

या खरं बोलण्यामागे विज्ञानाबद्दलची तळमळ होती, असं कुणी समजू नये. त्यामागे ती कललेली मान होती. पण एकदा तोंड उघडलं ते मिटेना. मोरी, शाळा, स्टूल, न राहिलेलं मूल, चिकटलेलं आतलं सगळं, घाम फुटलेले डॉक्टर, नवऱ्याला मिळालेली खुर्ची. मॅडमची मान हळूहळू एका बाजूला कलली. ताईनं ते पाहिलं आणि तिचा आवाज फाटला.

ती थांबली तेव्हा मॅडमनी विचारलं, “त्या ऑपरेशनचा काही रिपोर्ट? काढलेला भाग कुठे तपासला होता?”

“तिथे आता व्यायामशाळा आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मी तुम्हाला खरं सांगते. तुम्ही म्हणताय त्यावरून शक्यता दाट आहे. पण आमच्या या अभ्यासात कुणी डोळ्यांनी पाहून, तपासून लिहिलेलं असेल तरच आम्ही आजार धरतो. तेव्हा तुम्हाला मी आजारी म्हणू शकत नाही.”

“आणि निरोगी?”

“निरोगी तर मुळीच नाही म्हणू शकत.”

“मग मी कोण?”

“तुम्ही,” मॅडमना शब्द सापडेना, “तुम्ही यात बसत नाही.”

“म्हणजे आमची जोडी?” धाकटीनं विचारलं.

“मोडली. माफ करा. या अभ्यासात तरी तुम्हाला घेता येणार नाही.”

“म्हणजे मी इथे यायचं नाही?”

“तुमचे उपचार चालूच राहतील. हे प्रश्नोत्तरांचं मात्र...” मॅडमनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “असं फार वेळा होतं हो. आजारी बहिणी रांगा लावून येतात. निरोगी बहीण मिळणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड काम आहे. घरचे छातीठोकपणे सांगतात, हिला काही नाही. आम्ही दार लावून विचारलं की ती रडायला लागते. ताई, तुम्ही आज नाही म्हणाला असतात तर तुमचं दुखणं आमच्या हिशेबात निरोगी म्हणून धरलं गेलं असतं. मग आमचं उत्तरच चुकलं असतं.”

हे ऐकायला चांगलं होतं. पण त्याला सात अक्षरी नाव नव्हतं.

बाहेरच्या बाकावर येईपर्यंत धाकटीनं दम धरला. उशी बाकावर आदळली.

“झालं समाधान? एक गोष्ट माझी अशी होती, एक! तीसुद्धा तुला माझ्याआधी झालेली असायला हवी!”

“मला आधी झाली, त्याला मी काय करू? मी मोठी आहे.”

“मग बोलली का नाहीस?” धाकटी ओरडली. दोन नर्सा थांबल्या. “आयुष्यभर मी काय ऐकलं माहितीये? मी कण्हले की आई म्हणायची, ताईकडे बघ. मी आडवी झाले की, ताईकडे बघ. ताईला नाही होत ते? शिक, जरा तिच्याकडून! मी बघायचे ना तुझ्याकडे! तू आपली प्लास्टर कालवत बसलेली, दगडासारखी. मला वाटायचं हिला दुखतच नाही. देवानं हिला चांगलं अंग दिलंय आणि मला नासकं. इतका हेवा वाटायचा ना मला तुझा, इतका, की कधी कधी वाटायचं, एकदा तरी दुखू दे हिला! डॉक्टरकडे जायला मला एवढी वर्षं का लागली? ताई जात नाही मग मी कशी जाऊ, म्हणून!”

आपल्या सोसण्याचं कुणी कौतुक केलं नाही, असं ताई इतकी वर्षं धरून चालली होती. आता कळलं की घरात त्याचं भरपूर कौतुक होत होतं. त्याच कौतुकानं धाकटीला बदडून काढलं होतं.

तिनं खोकं उघडलं. एकेक जबडा कापसातून काढून दोघींच्या मधे बाकावर ओळीनं ठेवला.

“हे काय?” धाकटीनं नाक ओढत विचारलं.

“मी. हा शिकाऊ होते तेव्हाचा. हा तुझ्या लग्नाच्या सुमाराचा. हा त्याच्यानंतरचा.”

धाकटीनं पहिला हातात घेतला, बोट फिरवलं. दुसरा घेतला. तिला दातांतलं काही कळत नव्हतं, पण डोंगर आणि मैदान यातला फरक कुणालाही कळतो. मधल्या एका जबड्याशी ती थांबली.

“हे एवढं कशानं झिजलं?”

“आईनं सांगितलं होतं, दात आवळ.”

धाकटीनं तो जबडा उशीवर ठेवला. तेवढ्यात तिचा नवरा गाडी लावून आला आणि बाकावर दात बघून दोन पावलं मागे गेला. “भावजी, घाबरू नका,” ताई म्हणाली, “ओळखीचे आहेत.”

जाताना धाकटी म्हणाली, “तरीपण राग आहे मला.”

“असू दे,” ताई म्हणाली. “मलाही आहे.”

यंत्र यायच्या आदल्या दिवशी धाकटी कामाच्या खोलीत आली. अख्ख्या जन्मात ती तिथे पहिल्यांदाच आली होती. रुमालानं स्टूल झाडलं, ते झाडून आणखी पांढरं झालं, तशीच बसली.

“माझंही माप घे.”

“कशाला? तुला काय कवळी हवीय?”

“घे म्हणते ना. मसाला उरलाय की नाही?”

ताईनं उरलेला गुलाबी मसाला भांड्यात कालवला, ट्रेमध्ये भरला. “आ कर. मोठा. नाकानं श्वास घे. आणि बोलू नकोस.”

न बोलणं धाकटीच्या रक्तात नव्हतं. ट्रे तोंडात असतानाही ती घशातून नाना प्रकारचे आवाज काढत राहिली. ओकारी येतेय, चव घाण आहे, किती वेळ अजून, असं सगळं ताईला त्यातून कळत होतं. मालक दारातून डोकावून परत गेले. ताईनं एका हातानं ट्रे दाबून धरला आणि दुसरा धाकटीच्या मानेमागे ठेवला. धाकटीची मान त्या हातावर जरा कलली.

मग प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत दोघींनी चहा घेतला. बोलणं बेताचंच झालं. धाकटीनं विचारलं, यंत्र आल्यावर तू काय करणार? ताई म्हणाली, यंत्र बिघडायची वाट बघणार.

ताईनं माप अलगद सोडवलं. आत पांढरा, ओला, अजून कोमट असलेला जबडा होता. तिनं तो उजेडात धरला. दाढा जशाच्या तशा होत्या. प्रत्येक टोक शाबूत.

“कशा आहेत?” धाकटीनं विचारलं.

“चांगल्या आहेत.” ताईनं जबडा फिरवून बघितला. “घरात तुला ओरडू कोण द्यायचं गं?”

“कोण देणार? आई तोंडावर हात दाबायची. मी तिचा हात चावायचे.”

ताईनं त्या दाढांवरून अंगठा फिरवला. टोकं टोचली. तिनं पुन्हा फिरवला.